नागाक्काचे अ आणि व

आमची नागाक्का म्हणजे तंजावूरचं सेन्सॉर बोर्ड होतं. सरकारनं तिला नेमलं नव्हतं आणि पगारही दिला नव्हता. पण दक्षिण राजवीथीवरच्या ‘श्री विठ्ठल वीडियो’ या तिच्या दुकानातून कुणी कोणता सिनेमा घरी न्यायचा, हे तीच ठरवायची. नात्यानं ती माझी आत्या, नाव नागलक्ष्मी. बाबा तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही भावंडंही अक्का म्हणू लागलो, आणि पुढे पुढे पोस्टमनसुद्धा. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची छाती आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

दुकानात दोन कपाटं होती, एक उघडं आणि एक कुलूपबंद. ज्या कॅसेटवर A, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, असं छापलेलं असेल ती कुलपात आणि किल्ली अक्काच्या कमरेला. ती कॅसेट मागणाऱ्याची उलटतपासणी व्हायची. मिशीवर अक्काचा विश्वास नव्हता. शाळा कधी सोडलीस, कोणते सर होते, घरी कोण कोण आहे, सगळं विचारून झालं की ती मान हलवायची, तीही बहुतेक वेळा आडवी. नुकत्याच भरती झालेल्या एका पोलीस शिपायाला तिनं “आईला घेऊन ये” म्हणून परत पाठवलं. तो बिचारा खरंच घेऊन आला. आईनं कपाट पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि त्याला दंडाला धरून घरी नेलं.

आणि गंमत म्हणजे अक्का स्वतः एकही सिनेमा पाहत नसे. मिठाईवाला आपल्या दुकानातले लाडू खातो का, असा तिचा सवाल. पाहायचं काम बोर्डाचं, वाचायचं काम तिचं. छापलेल्या अक्षरावर तिची इतकी श्रद्धा की बोर्डानं उद्या तुळशीच्या रोपावर A छापला असता, तर तेही तिनं कुलपात घातलं असतं.

पुढे घरोघरी केबल आली, दुकानात कॅसेटी जाऊन डिस्क आल्या, आणि श्री विठ्ठल वीडियोचं शटर खाली आलं. अक्का घरी बसली. घरी बसलेली अक्का म्हणजे काय ते आम्हांला आठवड्याभरात कळलं. तिनं आमच्या घराचीच दोन कपाटं केली: काय बघायचं, काय बघायचं नाही. मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. आपली वाचायची वर्तमानपत्रं तरी तिच्या तावडीतून सुटावीत एवढ्याच स्वार्थानं मी तिला सांगितलं, की आता जुन्या वस्तू इंटरनेटवर विकता येतात, तुझ्या डिस्क आपण तिथं टाकू.

२००३ सालची गोष्ट. बाजाराच्या त्या साइटचा नियम मी तिला वाचून दाखवला. वापरलेला सिनेमा विकायचा असेल, तर वेष्टनावर वयाचं जे अक्षर असेल ते विकणाऱ्यानं जसंच्या तसं कळवलं पाहिजे. A असेल तर ती डिस्क वेगळ्या बंद दालनात जाणार, आणि आपण अठरा वर्षांचे आहोत अशी खूण केल्याशिवाय गिऱ्हाइकाला ते दालन उघडणार नाही. अक्षर खोटं लिहिलं तर खातं बंद.

अक्का खूश झाली. इतक्या वर्षांनी आपल्यासारखा विचार करणारा कुणीतरी भेटला, असा तिचा चेहरा झाला. फक्त एक गोष्ट तिला खटकली.

“खूण केली म्हणून झालं कीं? नववींतलं पोर खूण करतंय. तोंड कोण बघालंय त्याचं?”

म्हणून A ची मागणी आली की अक्का गिऱ्हाइकाला फोन करायची. नागपूर, सुरत, दिल्ली, कुठंही. लहानपणी दिलेल्या पहिल्या परीक्षेपुरत्या हिंदीत ती जन्मतारीख विचारायची आणि मग “माताजी को बुलाओ” म्हणायची. एका गृहस्थानं आपल्याला नातवंडं आहेत असं सांगितलं, तर तिनं नातवाला फोनवर बोलावून खात्री केली. माझ्या फोनबिलाचा विषय मी इथं काढत नाही.

तमिळ आणि इंग्रजी डिस्क अशा सुरळीत गेल्या. घोळ झाला तो मराठी डिस्कांचा.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मोठ्यांची मराठी, गल्लीत तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि मराठीत काही लिहायचं झालं तर तेही तमिळ अक्षरांत. देवनागरी आमच्या घरात एकट्या अक्काला यायची, कारण लहानपणी ती हिंदीची पहिली परीक्षा पास झाली होती. तो दाखला देवघराशेजारी टांगलेला असे. आपल्या लोकांनी मराठी सिनेमे बघावेत म्हणून तिनं पुण्यातलं एक बंद पडलेलं दुकान गाठून डिस्कांचं खोकं लॉरीनं मागवलं होतं. आपल्या लोकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता तेच खोकं विकायला निघालं. या डिस्कांची वेष्टनं स्वस्तात पुन्हा छापलेली, त्यांवर U किंवा A नव्हताच. कोपऱ्यात एका गोलात फक्त एक देवनागरी अक्षर होतं. कुठं अ, कुठं व, आणि एकदोन डिस्कांवर अव.

मला ती अक्षरं म्हणजे नुसती वेलबुट्टी. अक्कानं चष्मा लावला, गोल पाहिला आणि क्षणात निकाल दिला.

“अ म्हणजे A. व म्हणजे V, वीडियो. आणि अव म्हणजे ऑडियो-वीडियो. येवढं कळत नाहीं कीं रे, कॉम्प्युटर शिकविणारा तूं?”

 मान्य करायला जड जातं, पण मला ते अगदी पटलं होतं.

‘अ’च्या डिस्क बघून मात्र अक्का हळहळली. वेष्टनावर एक दाढीवाले संत, हातात टाळ, मागे नदी. दुसऱ्यावर गाईबरोबर एक लहान मुलगी. “बाहेर बघ कसं सोज्वळ,” ती म्हणाली, “आणि आंत काय भरून ठेविलंय कोण जाणे. बोर्ड उगीच देईल कीं A?” संत बंद दालनात गेले. ‘व’च्या डिस्कवर सुंदर लुगडी नेसलेल्या बायका होत्या, कुणाच्या हातात घडा, कुणाच्या हातात कंदील. त्या सर्वांसाठी उघड्या.

बंद दालनातले संत हातोहात खपले. असा खप अक्कानं जन्मात पाहिला नव्हता. मग गिऱ्हाइकांचे शेरे यायला लागले. सुरतच्या एका माणसानं लिहिलं, “शेवटपर्यंत पाहिला. नुसते अभंग आहेत.” दिल्लीच्या दुसऱ्यानं लिहिलं, “घोर फसवणूक.” मी हे वाचून दाखवल्यावर अक्का संतापली. आधी असलं बघायचं आणि वर कमी पडलं म्हणून तक्रार करायची, लाज म्हणून नाही लोकांना! साताऱ्याकडच्या एका शाळेनं मात्र स्नेहसंमेलनासाठी ‘व’च्या डिस्क मागवल्या. ते पत्र अक्का येईल त्याला दाखवायची. त्या शाळेकडून पुन्हा कधी काही आलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं नव्हतं.

याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, कीर्तनाचं, लग्न ठरलं. मुलगा साईराम पापनाशमचा, कुंभकोणमला बँकेत. वडील सीतारामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आई अंबाबाई. घर आपल्याच मराठी लोकांपैकी, थोडी भातशेती आणि माणसं शांत. कीर्तना आणि साईराम एकमेकांना दोनदा भेटले आणि तिसऱ्यांदा भेटण्यासाठी कारणं शोधू लागले. म्हणजे मला तरी सगळं ठीक दिसत होतं. आमच्या घरी मुलाकडच्यांना द्यायची निश्चयाची, म्हणजे साखरपुड्याची, ताटं मांडली: नारळ, विडे, खडीसाखर, सफरचंदं. अक्काला वाटलं की आपण मराठी माणसं, ताटात काहीतरी मराठी हवं. तिनं खोक्यातली एक ‘व’ची डिस्क निवडली. वेष्टनावर घडा घेतलेली बाई होती. सोनेरी कागदात गुंडाळून तिनं ती स्वतःच्या हातानं खडीसाखरेजवळ ठेवली.

त्यानंतर पापनाशमहून फोन यायचे बंद झाले.

आधी आम्ही लक्ष दिलं नाही. मग बाबा फोन लावायला लागले. सीतारामराव “हो, हो, कळवतों” म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. साईराम कीर्तनाशी बोलायचा, पण तारखेचं निघालं की अडखळायचा. कीर्तनानं जेवणं टाकली नाहीत, रडारडही केली नाही, ती तसली मुलगी नाही. ती फक्त फोनच्या जवळच्या खुर्चीत बसून राहू लागली. हातात पुस्तक आणि पान तेच. मला ते बघवत नव्हतं, आणि बघवत नाही म्हणून मी तिच्यावरच खेकसायचो.

आणि एके दिवशी साइटवर मागणी आली. बंद दालनातली, टाळवाल्या संतांची डिस्क. नाव सीतारामराव, गाव पापनाशम.

अक्कानं ते नाव मला पुन्हा वाचायला लावलं. मग ती खाली बसली.

“सत्तरीचा माणूस,” ती पुटपुटली. “देवासारखा चेहरा. आणि बंद कपाटांतलं मागवालाय!”

आता खरी पंचाईत झाली. नियमाप्रमाणे फोन करायला हवा होता. पण होणाऱ्या व्याह्याला जन्मतारीख विचारून “माताजी को बुलाओ” कसं म्हणायचं? अक्कानं रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी ती नऊवारी नेसून तयार होती. आमच्याकडे ते फक्त लग्नाला किंवा भांडायला नेसतात.

“चल,” ती म्हणाली. “असल्या घरांत पोर द्यायची नाहीं. निश्चयाचा तांबूल परत करून येऊं.”

मी पुष्कळ समजावलं. बाबा देवघरात जाऊन बसले. कीर्तना दारापर्यंत आली. ती आमच्याशी नेहमी तमिळमध्ये बोलते, तेव्हाही तमिळमध्येच बोलली. “अक्का, त्यांना एकदा विचार तरी. न विचारता मोडू नकोस.” एवढंच. अक्कानं तिच्याकडे पाहिलं नाही; पण पायरी उतरताना तिनं माझा हात धरला. नागाक्का आधारासाठी कुणाचा हात धरते, हे मला माहीतच नव्हतं. मला भीती वाटली.

पापनाशमच्या बसमध्ये ती ताठ बसली. मांडीवर पिशवी होती, पिशवीत तांबुलाचा नारळ आणि त्याच्या शेजारी ती संतांची डिस्क. दोन्ही एकदमच तोंडावर फेकायचा बेत होता.

सीतारामराव ओसरीवर पेपर वाचत होते. आम्हांला बघून ते इतके दचकले की मला त्यांचीच दया आली. त्यांनी खुर्च्या मांडल्या, कॉफी सांगितली. आतल्या दाराशी अंबाबाई येऊन बसल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हिरवा चष्मा लावलेला. अक्कानं कॉफीला हात लावला नाही. डिस्क काढून तिनं टेबलावर आपटली.

“हें तुम्हीं मागविलांत?”

“होय,” सीतारामराव म्हणाले.

“अठरा वर्षांचे झालां म्हणून खूण केलांत?”

“केली कीं. करायला लाविली. सत्तरीला आलेला मी, मला अठरा पुरीं झालीं म्हणून लिहून द्यावं लागलं. तेंही अभंग ऐकायला.” ते जरा थांबले आणि मग त्यांना राहवेना. “नागलक्ष्मीबाई, एक विचारूं? संतांना तुम्हीं कुलपांत कां घालितां?”

“बोर्डानं A दिलंय म्हणून!”

“कुठं A?”

अक्कानं गोलावर बोट ठेवलं. सीतारामरावांनी डिस्क डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि मग तोंडावर पेपर धरून हसायला लागले. ते आवाज न करता हसत होते, आम्हांला फक्त पेपर हललेला दिसत होता.

नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं दौंडला होते. तिथं त्यांनी रविवारचे सिनेमे पाहिले होते, आणि सिनेमाच्या आधी पडद्यावर येणारा बोर्डाचा दाखलाही पाहिला होता. “अ म्हणजे A नव्हे,” ते म्हणाले. “हिंदी अक्षर आहे तें. अ म्हणजे अनिर्बंधित. कुणीही बघावं, लेकरांनीही. इंग्रजींतला U.”

अक्कानं चष्मा काढून पुसला. मी मात्र उगाचच हुशारी दाखवली.

“मग A साठी काय छापतात?”

“व,” सीतारामराव म्हणाले. “वयस्क. मोठ्यांसाठीं.”

 माझ्या डोळ्यांसमोर आलं ते सोनेरी कागदातलं पुडकं, खडीसाखरेच्या शेजारी. अक्कालाही तेच दिसलं असणार, कारण तिचा रंग उडाला.

“ऐयो,” ती म्हणाली. “ती शाळा!” आणि मग तिला पुढचं सुचलं. “ऐयो ऐयो! तुमचं ताट!”

“होय,” सीतारामराव जमिनीकडे बघत म्हणाले. “अस्कीं, झाडून सगळीं, बसून बघितलों. माझा भाऊ, भावजय, कुंभकोणमचे पाहुणे. सुरवातीला बरं होतं, ती बाई पाण्याला जाते. मग तो शेजारी येतो. मग भावजय उठली. मग पाहुणे उठले. साईराम बंद करायला धांवला, तर ते बटण सांपडेना. आम्हीं म्हणालों, मुलीकडच्यांची रीत म्हणून दिलं असेल, पण असली रीत? भाऊ तर म्हणाला, मोडूनच टाका. मीही तसंच कळवायचं ठरविलं होतं. पण हिनं अडविलं. आणि मग संतांचं मागवलं तें हिच्याचसाठीं.”

अक्का उठून उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिनं ती आज्ञा दिल्यासारखी मागितली. “चूक माझी. पोरीची नव्हे. तिनं ती डिस्क पाहिलीही नाहीं. मला काय बोलायचं तें बोला, पण तिचं मोडूं नका.”  नारळ परत करायला आलेली बाई तोच नारळ छातीशी धरून उभी होती. मला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की फार त्रास होतो.

तेव्हा अंबाबाई पहिल्यांदा बोलल्या.

“मी शेवटपर्यंत बसलें.”

“तिच्या डोळ्यांना पट्टी होती तेव्हां,” सीतारामरावांनी घाईघाईनं सांगितलं.

“पट्टी डोळ्यांना होती, कानांना नव्हे. अस्कीं उठून गेलीं, मी नाहीं उठलें. किती गोड मराठी बोलालीं तीं दोघं! ‘बसा’ म्हणतो, ‘दमलांत कीं’ म्हणतो. तो कुणाचा नवरा आणि ती कुणाची बायको, तें मला कुठं दिसत होतं? दौंड सोडल्यापासून इतकं मराठी मी ऐकिलं नव्हतं. साईराम तमिळांत बोलतो. शेजारी तमिळ. आणि हे...” त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी केली, “हे मराठी बोलतात तें कालवणांत मीठ कमी झाल्यावर.”

सीतारामरावांनी पुन्हा पेपर उघडला.

“म्हणून मी मोडूं दिलं नाहीं,” अंबाबाई म्हणाल्या. “ताटांत मराठी ठेविणारं घर आहे. तिथली मुलगी आली तर माझ्याशीं दोन शब्द बोलेल, असं वाटलं. बोलेल नव्हं? बोलते ती मराठी?”

मी अक्काकडे पाहिलं. एक ‘होय’ म्हणायचा अवकाश होता. सगळं तिथंच मिटत होतं. तारीख ठरली असती आणि कीर्तना त्या खुर्चीतून उठली असती. लग्नानंतर काय ते पुढचं पुढे. मी तर मनातल्या मनात तिच्या वतीनं होय म्हणूनही टाकलं.

अक्कानं नारळ टेबलावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. 

“नाहीं,” ती म्हणाली. “खोटं नाहीं सांगत मी. तिला अस्कीं समजतं. पण बोलत नाहीं. आमचींच चूक, आम्हीं बोलविलं नाहीं.”

हिरव्या चष्म्यामागे अंबाबाईंच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. सीतारामरावांचा पेपर खाली आला. मी मनातल्या मनात अक्काला शिव्या देत होतो.

“समजतं नव्हं?” अंबाबाई म्हणाल्या.

“तें समजतं.”

“मग पुरे कीं. बोलायला मी आहें. समजणारं कुणी नाहीं माझ्याकडे.”

त्या भिंतीला धरून उठल्या, चाचपडत टेबलापाशी आल्या आणि नारळ उचलून देवापुढे ठेवायला आत घेऊन गेल्या.